सांडशीचं शिफारसपत्र

सांडशी कचेरीत आला तेव्हा थोरलीने त्याला आधी हातावरून ओळखलं. चेहरा पुष्कळ बदलला होता, केस पिकले होते, पोट सुटलं होतं. पण पाकिटातून कागद काढताना अंगठा आणि दोन बोटं अशी काही आवळली गेली की तिची खात्रीच पटली. या चिमटीवरूनच जिम्नॅस्टिक्सच्या क्लबातल्या मुलींनी त्याला सांडशी हे नाव पाडलं होतं. तोंडावर अर्थातच सर. सांडशी हे फक्त कपडे बदलायच्या खोलीतलं नाव.

त्याने तिला ओळखलं नाही, आणि ओळखावं असं काही कारणही नव्हतं. ती कधी क्लबात शिकायला नव्हती. धाकट्या बहिणीला घरी न्यायला यायची आणि पिशवी घेऊन दाराशी उभी राहायची, एवढाच तिचा आणि क्लबाचा संबंध. दाराशी उभ्या राहणाऱ्या मुली सर लोकांच्या लक्षात राहत नाहीत.

भाषांतराची ही कचेरी औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर होती. तीन टेबलं, शब्दकोशांनी वाकलेली एक फळी आणि खिडकीत काकांची खुर्ची. काका म्हणजे कचेरीचे मालक. नात्याने ते कोणाचेच काका नव्हते, पण सगळेच त्यांना काका म्हणत. थोरलीला स्पॅनिश त्यांनीच शिकवलं आणि पुढे नोकरीवरही त्यांनीच ठेवलं. स्पॅनिशचं सगळं काम आता तिच्याकडे असायचं. अपघाताच्या विम्याचे कागद, पोलिसांचे जबाब, कोर्टाचे निकाल. काका शेवटचा हात फिरवायचे आणि कचेरीचा शिक्का मारायचे. तो शिक्का असला की परदेशातल्या कुठल्याही टेबलावर कागद चालायचा.

सांडशीने सांगितलं की त्याला परदेशात, स्पॅनिश बोलणाऱ्या देशात, एका मोठ्या क्रीडा अकादमीत मुलींचा मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावणं येण्याची शक्यता आहे. क्लबाच्या अध्यक्षांनी दिलेलं शिफारसपत्र तिकडच्या भाषेत करून हवं होतं. पत्र अगदी छोटं होतं. सर अतिशय कष्टाळू आहेत. शिस्तीच्या बाबतीत ते कडक आहेत. त्यांची शिकवण्याची पद्धत जोरकस असून ते मुलींकडून खडतर मेहनत करून घेतात. खाली सही.

"शब्द जरा वजनदार घाला," तो म्हणाला. "आपल्याकडचं लिहिणं फार मिळमिळीत असतं."

थोरलीने मान हलवली आणि परवा या म्हणून सांगितलं. तो जिना उतरून गेल्यावर ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ मनगटावर पाणी घेत उभी राहिली.

धाकटी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. अंगाने काटकुळी, पण वाऱ्यासारखी चपळ. क्लबात सगळ्यांत पुढे. त्या संध्याकाळी सांडशीने तिला पाय दोन्हीकडे ताणून जमिनीवर बसवलं, मांड्या जमिनीला टेकेनात म्हणून मागून गुडघा लावला आणि दोन्ही हातांनी दाब दिला. ती बस म्हणाली. तो मोजत राहिला. ती पुन्हा बस म्हणाली, रडायला लागली. तो शांतपणे मोजत राहिला. मग जाड कापड फाटावं तसा आवाज दाराशी उभ्या असलेल्या थोरलीलासुद्धा ऐकू आला. खुब्याचा सांधा गेला होता. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने अंथरुणात गेले, आणि धाकटी उठली ती एक पाय किंचित ओढतच.

एवढ्यावर भागलं असतं तर थोरलीने कदाचित नशिबाला बोल लावला असता. पण सांडशी आठवड्याभरात घरी भेटायला आला. बाहेरच्या खोलीत बसून त्याने आईबाबांना सांगितलं की पोर गुणी आहे, पण कामचुकार आहे. घरी सराव करत नाही, अंग मोकळं करत नाही, आणि मग असं होतं. क्लबातही त्याने हेच सगळ्यांना सांगितलं. बाबा भोळे. मोठ्या माणसाने सांगितलेलं त्यांना खरं वाटायचं. त्या रात्री ते धाकटीच्या खाटेशी येऊन म्हणाले, "तुझ्याच आळसाने झालं हे."  धाकटीने भिंतीकडे तोंड केलं. थोरली उंबऱ्यात उभी राहून हे बघत होती, आणि तिने त्या दिवशी जो डूख धरला तो मोठी झाली, नोकरीला लागली, तरी सोडला नव्हता. पाय मोडला त्यापेक्षाही तो शब्द तिला जास्त डाचत होता. आता त्याच माणसाला कोणते शब्द चिकटवायचे हे तिच्या हातात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळी लवकर येऊन कामाला बसली. खोटं भाषांतर करायचं नव्हतं. तसं केलं असतं तर काकांनी पहिल्या ओळीतच पकडलं असतं. तिला हवं होतं शब्दकोशात बसणारं, कोणी बोट ठेवू शकणार नाही असं, पण वाचणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारं भाषांतर.

कष्टाळूला तिने हात लावला नाही. तिथे साधा शब्द घातला, म्हणजे पुढचे उठून दिसतील. कडक या शब्दासाठी 'एस्त्रिक्तो' होता, शिस्तीचा माणूस. तिने 'इम्प्लाकाब्ले' घेतला. दया-माया नसलेला, कितीही विनवा, न बधणारा. खडतर मेहनतीसाठी 'आर्दुओ' अगदी चपखल होता. चढणीच्या वाटेला, अवघड कामाला तोच वापरतात. तिने 'एक्स्तेनुआन्ते' घेतला, म्हणजे माणसातला जीव काढून घेणारी मेहनत. राहिला जोरकस. कोणीही 'एनेर्खिको' लिहिलं असतं, आणि ते बरोबरच होतं. पण पोलिसांच्या कागदांत तिने एक शब्द शेकडो वेळा पाहिला होता, 'कोन्तुन्देन्ते'. डोकं फुटलं आणि हत्याराला धार नव्हती, की पंचनाम्यात हा शब्द यायचा. काठी, हातोडा, दगड. तसा तो जोरदार, ठोस या अर्थानेही चालतो. शब्दकोशात तोही अर्थ आहे. तिने तो लिहिला, आणि लिहिताना तिला बोटांच्या टोकापर्यंत बरं वाटलं.

काकांनी कागद डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. जोरकसला एनेर्खिको का नको म्हणून त्यांनी विचारलं. ती म्हणाली की तो शब्द टॉनिकच्या बाटलीवर छापून छापून पातळ झालाय, आणि गिऱ्हाइकाला वजनदार हवंय. मग त्यांनी इम्प्लाकाब्लेवर बोट ठेवलं. तिने शब्दकोश उघडून दाखवला.

"चूक नाहीये," काका म्हणाले. "पण तू असं लिहीत नाहीस."

तिने शब्दकोश मिटून फळीवर ठेवला. काकांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची घाई होती, आणि इतक्या वर्षांत तिने त्यांना कधी तोंडघशी पाडलं नव्हतं. त्यांनी शिक्का मारला.

त्या दिवशी थोरली घरी जाताना गुणगुणत होती. जेवताना तिने दोनदा वाढून घेतलं. बाबांनी विचारलंसुद्धा, आज काय विशेष. ती म्हणाली, काही नाही, एक जुनं काम हातावेगळं झालं.

पंधरवडा गेला आणि सांडशी पुन्हा जिना चढून आला. हातात बिस्किटांचा भला मोठा डबा आणि चेहरा असा की जणू लॉटरी लागली. तिकडच्या प्रमुखांचा स्वतः फोन आला होता. इतकं दमदार शिफारसपत्र आपण पाहिलं नाही, असाच माणूस आम्ही कधीपासून शोधत होतो, असं ते म्हणाले होते. आता फक्त संगणकाच्या पडद्यावरची मुलाखत बाकी होती. आठ ते बारा वयाच्या मुली त्याच्या हाताखाली येणार होत्या. मुलाखतीला दुभाषी म्हणून थोरलीनेच बसावं अशी त्याची इच्छा होती.

"तुमच्या शब्दांनी काम केलं," तो म्हणाला आणि डबा तिच्या पुढ्यात सरकवला.

तो गेल्यावर थोरलीने संगणकावर तिकडच्या वर्तमानपत्रांची खेळाची पानं उघडली. इतकी वर्षं ती पंचनामे आणि विम्याचे कागद वाचत आली होती. खेळाच्या पानांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पहिल्याच बातमीत कोन्तुन्देन्ते होतं. एका संघाने दुसऱ्याचा धुव्वा उडवला, तो विजय कोन्तुन्देन्ते. खालच्या बातमीत एक धावपटू होती, इम्प्लाकाब्ले, म्हणजे कोणाला हार न जाणारी. सराव एक्स्तेनुआन्ते होता आणि वार्ताहराने तो शब्द कौतुकाने लिहिला होता. तिने सुऱ्या म्हणून पाठवलं ते तिकडे पदकं म्हणून गळ्यात पडलं होतं. शब्द तेच, पण वाचणारे पोलीस नव्हते.

 ज्या माणसाला खड्ड्यात घालायचं त्याला तिने स्वतःच्या हाताने शिडी लावून दिली होती, आणि त्या शिडीच्या वरच्या टोकाला आठ वर्षांच्या मुली उभ्या होत्या.

धाकटी बाजारपेठेत चष्म्याच्या दुकानात काम करायची. फ्रेम बसवणं, दांड्या गरम करून वाकवणं, नाकावर नीट टेकतंय ना ते बघणं. गिऱ्हाइकांशी थट्टा करण्यात ती पटाईत होती. एका आजोबांना तिने त्याच दिवशी सांगितलं होतं की ही फ्रेम घेतलीत तर आजी तुम्हाला एकटं बाहेर सोडायच्या नाहीत. थोरली गेली तेव्हा दुकान बंद व्हायला आलं होतं. धाकटीने शटर अर्धं ओढलं आणि स्टूल पुढे केलं. थोरलीने पहिल्यापासून सगळं सांगितलं. शब्दसुद्धा एकेक करून सांगितले.

ऐकताना धाकटीला आधी हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. मग हसणं थांबलं आणि तिने हातातला छोटा स्क्रूड्रायव्हर काचेवर ठेवला.

"ताई, पाय माझा गेला. मग तू मला विचारलंस का?"

थोरली म्हणाली, तुला जुनं उकरून त्रास होईल म्हणून.

"त्रास मला रोज जिन्यावर होतो," धाकटी म्हणाली. "तुला काय वाटतं, मला सूड नकोय? मला तुझ्याहून जास्त हवाय. पण शब्दांच्या आडून दगड मारलेला मला नको. मी मारला हे त्याला दिसलं पाहिजे."

थोरलीला बहिणीचा हा आवाज ओळखीचा नव्हता. इतकी वर्षं तिला वाटत होतं की धाकटी विसरली, हसून खेळून मोकळी झाली, आणि डूख धरून बसलेली घरात आपण एकटीच. दोघी एकाच घरात, एकाच ताटलीतून खाऊन, एकच राग वेगवेगळ्या कोपऱ्यांत लपवून बसल्या होत्या.

ठरलं ते असं की धाकटीने जे झालं ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने अकादमीला लिहायचं. अकादमीचं नाव काही गुपित नव्हतं. सांडशीने ते क्लबाच्या भिंतीवर फोटोसकट लावलं होतं.

सकाळी थोरली काकांसमोर उभी राहिली आणि काय केलं ते तिने सांगितलं. काका रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता शिक्का खणातून काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "माझा शिक्का तू सुरीसारखा वापरलास. आणि मला कळू दिलं नाहीस." तिला वाटलं, आता नोकरी गेली. पण काकांनी सरळ कागद पुढे ओढला आणि शिफारसपत्राचं भाषांतर नव्याने केलं. एस्त्रिक्तो, एनेर्खिको, आर्दुओ. आधीच्या भाषांतरात शब्दांची निवड सदोष होती, ही चूक कचेरीची आहे, अशी ओळ घालून त्यांनी ते अकादमीला पाठवलं. मग सांडशीला फोन करून सांगितलं की त्याचं काम इथून पुढे ही कचेरी करणार नाही. पलीकडून सांडशी ओरडत होता, की चांगलं होतं ते बदललंत कशाला. काकांनी फोन ठेवला.

"आता बहिणीला घेऊन ये," ते थोरलीला म्हणाले. "तिचं मी करतो. तू नाही करायचं. तुझा हात रागाने भरलेला आहे."

धाकटी दुकानातून अर्धा दिवस काढून आली. काकांनी तिला खिडकीतली स्वतःची खुर्ची दिली आणि आपण लाकडी बाकावर बसले. ती सांगत गेली, ते लिहीत गेले. थोरली कपाटाला टेकून उभी होती आणि तिला एक शब्द बोलायची परवानगी नव्हती. गुडघा, दोन्ही हात, मोजणं, बस म्हणणं, पुन्हा मोजणं, ते सगळं कागदावर आलं. मग काका थांबले. त्या ताणाला काय म्हणायचं, हे त्यांनी विचारलं. सरांनी दिलेला तो ताण कसा होता?

"ब्रुताल," थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

काकांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. धाकटीने मात्र तो शब्द तोंडात घोळवून बघितला आणि मान हलवली. "नाही. रानटी माणूस चिडतो, ओरडतो. तो चिडला नव्हता. अगदी शांत होता. मला तर वाटतं त्याला बरं वाटत होतं."

काकांनी बिओलेन्तो सुचवला. तिने तोही नको म्हटलं. बाजूने बघणाऱ्याला त्यात हिंसा दिसलीच नसती, ती म्हणाली. रोज सगळ्या मुलींना तसाच ताण द्यायचे. आया बाकावर बसून स्वेटर विणायच्या.

काका पेन्सिल कपाळावर आपटत बसले. मग त्यांनी कागदाच्या कडेला दोन शब्द एकाखाली एक लिहिले आणि धाकटीकडे सरकवले. दिसायला भावंडं असावीत तसे. वरचा 'फोर्सोसो', खालचा 'फोर्सादो'.

"दोन्हीत जोर आहे," ते म्हणाले. "वरच्यात परिस्थितीचा जोर. विमानाचं इंजिन बंद पडलं आणि शेतात उतरवावं लागलं, तर ते फोर्सोसो. टळण्यासारखं नव्हतं, कोणाचा दोष नाही. खालच्यात माणसाचा जोर. कैद्यांकडून दगड फोडून घेतात ते काम फोर्सादो. कोणीतरी ठरवून, समोरच्याची इच्छा नसताना करवलेलं. न करवता आलं असतं. तुझं कुठलं होतं?"

धाकटीने त्या दोन शब्दांवरून एकेकदा बोट फिरवलं. थोरलीला आठवलं, घरी सांडशी नेमकं वरच्यासारखंच बोलला होता. असं होतं, म्हणाला होता.

"न करवता आलं असतं," धाकटी म्हणाली. "मी दोनदा बस म्हटलं होतं. खालचा लिहा."

काकांनी फोर्सादो लिहिला. तो शब्द दिसायला काही भारी नव्हता. डॉक्टरांच्या कागदात, यंत्राच्या माहितीपत्रकात कुठेही सापडेल असा. पण थोरलीने सगळं वाक्य मनातल्या मनात वाचलं तेव्हा तिला कळलं की आपण निवडलेले सगळे शब्द त्या माणसाबद्दल होते, आणि हा त्याने काय केलं त्याबद्दल आहे. माणसाबद्दलच्या शब्दावर तो मिरवू शकत होता. यावर कसा मिरवणार?

धाकटीने आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्या भाषेतली एक प्रत सांडशीला पाठवायची, पोच घेऊन. काका म्हणाले, त्याची गरज नाही. ती म्हणाली, मला आहे.

घरी तिने ते निवेदन बाबांनाही मोठ्याने वाचून दाखवलं.  दुसऱ्या दिवशी दुपारी ते पायी पायी बाजारपेठेत गेले आणि चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून राहिले. धाकटीने विचारलं, काही हवंय का. ते म्हणाले, नाही, तुझं होईपर्यंत बसतो. दुकान बंद झालं आणि दोघं तिच्या चालीने, हळूहळू घरी आले.

काही दिवसांनी अकादमीतून फोन आला. तिथल्या निवड समितीत एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना धाकटीशी बोलायचं होतं. काका दुभाषी म्हणून बसले. बाईंनी खुब्याबद्दल, शस्त्रक्रियेबद्दल विचारलं, आणि मग विचारलं की तू बस म्हणालीस तेव्हा त्याला ऐकू गेलं असेल याची तुला खात्री आहे का. धाकटी म्हणाली, हो, कारण मी बस म्हटलं तेव्हा तो आकडा जरा मोठ्याने म्हणाला.  मग बाईंनी आभार मानले.

मुलाखत सांडशीने दुसराच दुभाषी घेऊन दिली. तिथे काय झालं ते नंतर त्या दुभाष्याकडूनच काकांच्या कानावर आलं. त्याला धाकटीबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला की ती मुलगी कामचुकार होती. दुभाष्याने तो शब्द होता तसा पलीकडे पोचवला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कामचुकार मुलीवर सगळं वजन टाकायची तुमच्याकडे पद्धत आहे का. सांडशीने उत्तर द्यायच्या ऐवजी पद्धतीबद्दल भाषण सुरू केलं. दोन दिवसांत नकार आला.

थोरलीला हे कळलं तेव्हा ती एकटीच स्वयंपाकघरात होती. ती ओट्याला धरून खाली बसली आणि तिला हसू आवरेना. तिला त्याची दया आली नाही. यावी असंही वाटलं नाही.

पण खरा दिवस त्यानंतर आला. सांडशी कचेरीत शिरला तो दार आपटून. काका बाहेर गेले होते. त्याने निवेदनाची प्रत, अजून बंद पाकिटातलीच, तिच्या टेबलावर फेकली आणि विचारलं की हा उद्योग कोणाचा. थोरलीने सांगितलं की ती माझी बहीण. या क्षणाची तिने किती वर्षं वाट पाहिली होती. आता त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल, त्याला ती खाट आठवेल, बाहेरची खोली आठवेल, असं तिला वाटलं.

तो कपाळाला आठ्या घालून तिच्याकडे बघत राहिला.

"कुठली तुझी बहीण?" तो म्हणाला. "मनगटवाली? की ती उंच होती, पाठ धरली ती?"

 थोरलीला आधी राग आला तो याचा, की त्याला धाकटी आठवतच नाही. एवढा डूख आपण जपला आणि त्याच्या लेखी ती कोणीच नव्हती. मग राग मागे पडला आणि तो काय बोलून गेला ते तिच्या डोक्यात उतरलं. मनगटवाली. पाठ धरली ती.

"खुबा," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या बहिणीचा खुबा गेला. मनगट कोणाचं गेलं, सर?"

त्याला आपली चूक कळली. तो दोन पावलं मागे सरला, काहीतरी पुटपुटला आणि आला तसा निघून गेला.

मनगटवाली शोधायला फार लांब जावं लागलं नाही. धाकटीबरोबर क्लबात असलेल्या एका मैत्रिणीला तिची मावशी माहीत होती. मनगटवाली आता बसचालक होती. आगारात गाडी धूत असताना दोघी बहिणी तिला भेटल्या. तिने पाण्याची नळी बंद केली, निवेदन उभ्या उभ्या वाचलं आणि उजवं मनगट पुढे करून दाखवलं. ते एका बाजूला पुरतं वळत नव्हतं. गिअर डाव्या हाताने टाकायचा असतो म्हणून मला नोकरी मिळाली, ती म्हणाली, नाहीतर घरी बसले असते. तिच्याही घरी सांडशी येऊन गेला होता आणि तिलाही तोच शब्द चिकटवून गेला होता. उंच मुलीला मग तिनेच गाठलं.

तिघींनी मिळून क्लबात तक्रार दिली. अध्यक्षांनी आधी टाळाटाळ केली, मग अकादमीने नकाराचं कारण कळवलेलं त्यांच्यासमोर आलं आणि त्यांना चौकशी लावावी लागली. चौकशीच्या दिवशी सांडशी खुर्चीत बसून होता आणि तिघी एकेक करून बोलल्या. धाकटी बोलायला उभी राहिली तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. तिने आपलं बोलणं त्याच्या डोळ्यांत बघून पुरं केलं. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. त्याला क्लबातून काढलं. पुढे कुठल्या संस्थेने त्याला मुलींजवळ फिरकू दिल्याचं ऐकिवात नाही.

काकांनी थोरलीला ठेवून घेतलं, पण वर्षभर तिच्या कामावर शिक्का मारला नाही. तिचं भाषांतर दुसऱ्याच्या नावाने जायचं. तिने ते निमूट सोसलं. काकांना दुखावलं याचं तिला वाईट वाटतं, आजही वाटतं. बाकी कशाचं नाही.

निकाल लागला त्या दिवशी ती क्लबाच्या पायरीवर उभी होती. सांडशी खांद्याला पिशवी लावून फाटकाकडे चालला होता. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ती बघत राहिली. तिला एवढंसुद्धा चुकवायचं नव्हतं. मागे बसचालक बाई उंच मुलीला कोण्या उतारूची गंमत सांगत होती आणि दोघी खिदळत होत्या.

"ताई, चल आता," धाकटी म्हणाली. "मला सडकून भूक लागलीय."